मिरची वाजली पाहिजे

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे. झाकणही माझं स्वतःचं नाही. मूळचं गंजून गेलं, आणि हे दुसऱ्या कुठल्याशा बरणीचं मला बसवलं. ते जरा तिरकं बसतं, पण आम्हा दोघांना आता एकमेकांची सवय झाली आहे. माझ्यावर कसलाही कागद चिकटवलेला नाही. तरी या घरात कुणालाही विचारा, ही बरणी कशाची? लहान मूलसुद्धा सांगेल, तिखट मधाची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. भट्टीतून निघालेल्या वस्तूला पहिली आठवण असते ती थंड होण्याची. पुढं माझ्यात आंबवलेलं बीट भरलं गेलं आणि मी न्यूझीलंडमधल्या एका दुकानात जाऊन बसले. तिथून मला एका बाईनं उचललं. तिची बहीण विका टोंगाच्या एउआ बेटावर राहायची. परदेशी गेलेली आमची माणसं घरच्यांना निळ्या पिंपात सामान भरून पाठवतात. तशा एका पिंपात मांसाचे डबे, साबणाच्या वड्या आणि मुलांचे बूट यांच्यामध्ये, टॉवेलात गुंडाळून मी बोटीनं इथं आले. अंगणात पिंप उघडलं तेव्हा भोवती अर्धं गाव जमलं होतं. बीट त्याच जेवणात संपलं.

रिकाम्या बरणीच्या नशिबात काय आहे, ते ती रिकामी झाल्या दिवशीच ठरतं. कुणी तिच्यात खिळे ठेवतं, कुणी रॉकेल. विकानं मला राखेनं घासलं, आत नाक घालून वास घेतला, कुंपणाच्या काठीवर उपडी टांगून उन्हात वाळवलं आणि नवऱ्याला, सेमिसीला, म्हणाली, “ही मधाची.”

घराच्या मागं आंब्याखाली सेमिसीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. मुंग्या चढू नयेत म्हणून पेट्यांचे पाय पाणी भरलेल्या डब्यांत उभे केलेले. बाजूला पत्र्याच्या छपराचं उघडं स्वयंपाकघर. तिथल्या फळीवर माझी जागा झाली.

विकाचा मध करण्याचा एक रिवाज होता, आणि तो करताना ती बोलत राहायची. ऐकायला असायची तिची लेक लेसिएली. तेव्हा ती इतकी लहान होती, की खोक्यावर उभी राहिल्याशिवाय तिला चूल दिसायची नाही.

विका वाळलेल्या मिरच्या मांसाच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि डबा लेकीच्या कानाशी हलवायची.

“काय ऐकू आलं?”

“खुळखुळ.”

“मिरची वाजली पाहिजे. मुकी मिरची मधात घालायची नाही.”

“का?”

“मुक्या मिरचीत पाणी असतं. मध पाण्याला आनंदानं घरात घेतो आणि मग पस्तावतो.”

मग ती पातेल्यात पाणी तापवून पातेलं खाली उतरवायची, तळाशी फडकं घालून त्यावर मला मधासकट उभी करायची आणि माझ्या पोटावर हात ठेवून बघायची. “तान्ह्या बाळाला अंघोळ घालतो तेवढंच कोमट. मध उकळला की त्याचा जीव गेला समजायचं.” मिरच्या बियांसकट चुरडून माझ्यात पडायच्या, झाकण लागायचं. त्यानंतर रोज सकाळी घरात पहिला जो उठेल त्यानं मला उपडी करून पुन्हा सुलटी ठेवायची. मिरचीचा सगळा राग मधात उतरला, की तो कापडातून गाळून परत माझ्यातच.

त्या मधाची खोड अशी होती, की तो खाणाऱ्याला “गोड आहे” एवढं म्हणायला वेळ द्यायचा. मग मागून यायचा. निखाऱ्यावर भाजलेल्या नीरफणसाच्या फोडीवर तो घालून सेमिसी खायचा, नाक पुसायचा आणि पुन्हा फोड पुढं करायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका वर्षी वादळानं घराचं अर्धं छप्पर नेलं. ते परत उभं करायला विका न्यूझीलंडच्या सफरचंदाच्या बागेत हंगामाच्या कामाला गेली. निघताना तिनं मला उचललं होतं. सेमिसी म्हणाला, “ठेव ती. तिकडं मध आत नेऊ देत नाहीत. विमानतळावरच काढून घेतात.” विकानं मला परत फळीवर ठेवलं. माझी जागा तिनं दोनदा सरळ केली, मी सरळच होते तरी.

फोनवर तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. “इथं सगळं आहे ग, पण जिभेला कशाचा पत्ताच लागत नाही. घरचा मध आठवतो.”

हंगाम संपत आला. तीन आठवड्यांनी, शनिवारच्या बोटीनं ती येणार हे ठरलं. पण त्याच सुमारास सेमिसी शेजाऱ्याला सांगत होता, की बागेच्या मालकानं तिला पुढच्या हंगामालाही बोलावलंय. लेसिएली तेव्हा मला धूत होती. तिचा हात थांबला. आता ती खोक्याशिवाय चुलीपाशी उभी राहू शकत होती.

“आईनं आपला मध चाखला ना,” ती मलाच म्हणाली, “की ती परत जाणारच नाही.”

मित्रांनो, तुम्ही हसू नका. मी हसले नाही.

वादळानं झाडांचा मोहर झडला होता, त्यामुळं पेट्यांत त्या वर्षी मध जेमतेम निघाला होता. सेमिसीनं तो सगळा लेकीच्या पुढ्यात ठेवला. “एवढाच आहे. नीट कर. आणि आईला सांग, बाबांनी यातलं खाल्लं नाही.”

“खरंच नाही?”

“वास घेतला फक्त. वासाला बोट लागलं असेल तर माहीत नाही.”

लेसिएलीनं मिरच्या तोडून चटईवर पसरल्या आणि चटई छपरावर टाकली. त्या आठवड्याच्या शनिवारी त्या जवळपास वाळल्या होत्या. डबा वाजवला तर कुठं वाजायचा, कुठं नाही. “अजून एक ऊन,” ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडं रविवारी कुणी काम करत नाही. होडी पाण्यात जात नाही, कुऱ्हाड उचलली जात नाही, दोरीवर कपडासुद्धा पडत नाही. सगळं गाव देवळात गात होतं, आणि पत्र्यावर सर आली. मी फळीवरून ऐकली. लेसिएलीनं बाकावर बसून ऐकली असेल. माणसं परत आली तेव्हा ती वळचणीखाली उभी राहून वर बघत होती. पाणी चटईवरून ओघळत होतं, लालसर.

“बाबा, त्या काढू?”

“उद्या.”

“उद्यापर्यंत पार भिजतील.”

“भिजू देत. आजचा दिवस आपला नाही.”

सोमवारी तिनं एकेक मिरची फडक्यानं पुसली. आभाळ काही हटलं नाही. तिनं डबा कानाशी धरून हलवला. आतून ओला, मऊ, धपधप आवाज आला. तिनं रस्त्याकडं पाहिलं, जिकडून पुढच्या आठवड्यात, शनिवारी आई येणार होती.

“तिखट ते तिखटच,” ती डब्याला म्हणाली आणि मिरच्या माझ्यातल्या मधात टाकल्या.

बरणीला बोलता येत नाही. ते दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पहिल्यांदा बारीक बुडबुडे आले. लेसिएलीला ते शुभ चिन्ह वाटलं. मग पांढरा फेस चढला. मग एका सकाळी तिनं झाकण उघडलं आणि आंबूस वास सुटला. तिनं घाईनं झाकण लावलं, फडकं गुंडाळून होतं नव्हतं तेवढं बळ लावून आवळलं. म्हणजे वास बाहेर येणार नाही, कुणाला कळणार नाही.

माझ्या पोटात काय चाललं होतं ते तुम्हाला कसं सांगू? आवळलं की आतलं गप्प बसत नाही, उलट जास्त धडपडतं. माझं झाकण मधोमध वर आलं, एखाद्या टेकडीसारखं.

“काय ग, मध कसा आहे?” सेमिसी विचारायचा.

“चांगला आहे.”

बोट यायला थोडेच दिवस उरले होते आणि घरात दुसरा मध नव्हता. लेसिएली मला उपडी करायची थांबली. ती माझ्याकडं बघायचीही थांबली.

अशात तिची आत्या आली. कालोलाइने, सेमिसीची थोरली बहीण. आमच्या बेटांवर बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या घरात तिला आवडेल ती वस्तू तिची. तिला नाही म्हणायचं नसतं आणि तिच्या हातात खराब वस्तूही द्यायची नसते. ती आली की सेमिसी जमिनीवर बसायचा आणि नजर गुडघ्यांवर ठेवायचा. कालोलाइने घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसली. खुर्ची करकरली.

“सेमिसी, तुझी खुर्ची बारीक झाली.”

“हो, अक्का.”

“मी नाही ना जाड झाले?”

“नाही, अक्का.”

“खोटं बोलायला अजून येत नाही तुला.” मग तिची नजर फळीवर गेली. “काय ग ते, लाल?”

“मध, आत्या,” लेसिएली म्हणाली.

“मिरचीचा? विका तर तिकडं आहे.”

“मी केलाय.”

“तू?” तिचा चेहरा उजळला. “वा. छान दिसतोय.”

छान म्हटलं म्हणजे दिला. सेमिसीनं गुडघ्यांवरून नजर उचलली नाही, पण त्याच्या कपाळावर आठी पडली. बायकोसाठी ठेवलेला घरातला शेवटचा मध होता तो. लेसिएलीनं मला खाली काढलं. तिचे हात गार होते. तिनं मला आत्याच्या टोपलीत ठेवलं आणि मागं सरकून उभी राहिली.

टोपली डुलत निघाली. मी आत कडेला कलंडले होते आणि प्रत्येक पावलाला माझ्यातला फेस वर धावत होता. आता माझं काही खरं नाही, हे मला कळत होतं. तेवढ्यात मागून धावत आलेल्या पावलांचा आवाज आला.

“आत्या.”

“काय ग?”

“काही नाही.”

चार पावलं पुढं. “आत्या.”

“बोल की. का नुसतं आत्या-आत्या करायला आलीस?”

“ती बरणी उघडू नका.”

कालोलाइने थांबली. “मला नको म्हणतेस?”

“नको म्हणत नाही. ती फुटेल. मिरच्या ओल्या होत्या. मला माहीत होतं, तरी घातल्या. मध आंबलाय.” आणि मग, तोंडात अडकलेलं सगळंच बाहेर पडलं. “आई पुन्हा जाणार आहे. मला वाटलं, हा खाल्ला की ती थांबेल. आणि तुम्हाला खराब वस्तू दिली. बाबांना माहीत नाही.”

आत्यानं टोपली नीरफणसाच्या झाडाखाली गवतात ठेवली, मला बाहेर काढलं, डोक्याचा रुमाल सोडून माझ्यावर टाकला आणि झाकणावर हात ठेवला.

“मागं हो.”

तिनं झाकण केसभर सैल केलं. फुस्स्स करून मी श्वास सोडला. तिनं थोडं थांबून आणखी केसभर सोडलं. फेस रुमालातून वर आला, तिच्या बोटांवरून, मनगटावरून ओघळला, आणि एक थेंब उडून थेट नाकाच्या शेंड्यावर बसला. लेसिएलीनं श्वास रोखला. सबंध गाव जिच्यासमोर मान खाली घालतं, तिच्या नाकावर आंबलेला मध. आत्यानं तो जिभेनं चाटायचा प्रयत्न केला. जीभ पोचली नाही. मग बोटानं पुसून बोट चाटलं.

“तिखट मात्र झालाय,” ती म्हणाली.

लेसिएली हसली आणि हसता हसता रडायला लागली. आत्यानं तिला आपल्या जाड हाताखाली घेतलं.

“मधानं कुणी थांबत नसतं, पोरी. तुझ्या आईला छप्पर दिसतं. तुला ती दिसते. दोघींचंही खरं आहे.” मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. “चल. हा आपण कोंबडीला चोळून उमूत घालू. जमिनीतल्या भट्टीला आंबट-गोड काही कळत नाही, तिला सगळंच आवडतं. आधी फेआओकडं जाऊ.”

फेआओ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गावात त्याच्याही पेट्या होत्या. आम्ही दारात पोचलो तेव्हा तो ओट्यावरून उतरून जमिनीवर बसला.

“फेआओ, मध हवा.”

“अक्का, मध तर संपला या वर्षी.”

“संपला? मग खाटेखाली काय आहे?”

फेआओ लेसिएलीकडं बघू लागला, जणू तिनंच सांगितलं. “तो… तो एवढासाच आहे.”

“मला तेवढासाच हवाय. माझ्या भावाच्या घरातलं ते माझं. आणि माझं जे आहे ते मी माझ्या भाचीला देते. यात कुणाला काही म्हणायचंय?”

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. ज्या हक्कानं आत्यानं मला फळीवरून नेलं होतं, त्याच हक्कानं तिनं मला पुन्हा भरायची सोय केली. हक्क तोच होता, मित्रांनो. तो कुणाच्या हातात आहे, यावर सगळं असतं.

ऊन अजूनही नव्हतं. मग आत्यानं नव्या मिरच्या तोडायला लावल्या आणि टोपलीत घालून चुलीवरच्या धुरात, आढ्याला टांगल्या. शुक्रवारी लेसिएलीनं डबा कानाशी धरला. खुळखुळ. तिनं तो सेमिसीच्या कानाशी नेला. मग माझ्याही जवळ आणून वाजवला, हे मी विसरणार नाही. पाणी कोमट केलं, माझ्या पोटावर हात ठेवून पाहिला, मिरच्या बारीक चुरडल्या, म्हणजे लवकर उतरतील.

शनिवारी बोट आली. विका वाळली होती आणि तिच्या बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. अंगणात सगळे जमले, आत्या खुर्चीत. लेसिएलीनं भाजलेल्या फोडीवर मध घालून ती आईपुढं धरली. विकानं घास घेतला. “गोड आहे,” ती म्हणाली, आणि मग मागून तो आला. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. ती बराच वेळ नुसती चावत राहिली.

“माझ्यापेक्षा तिखट केलास.”

“मिरची वाजवून घेतली,” लेसिएली म्हणाली. आत्या आभाळाकडं बघत खोकली. मग लेसिएलीनं विचारलंच. “आता जाणार नाहीस ना?”

विकानं तिला जवळ ओढलं, पण खोटं बोलली नाही. “अजून एक हंगाम. छप्पर पुरं होईपर्यंत.”

लेसिएलीनं मान खाली घातली. विकानं मला मांडीवर घेतलं, उजेडात धरून पाहिलं, आणि माझ्या मध्यावर बोट टेकवलं. “हा मध इथपर्यंतच खायचा. उरलेला मी आल्यावर. मी नसताना याला कुणी हात लावायचा नाही. तुझ्या बाबांच्या नाकानंसुद्धा नाही.”

पुढचा सबंध हंगाम मी फळीवर अर्धी भरलेली राहिले. लेसिएली सकाळी उठून मला पुसायची, झाकण सैल करून वास घ्यायची आणि परत लावायची. तिनं एकदाही बोट बुडवलं नाही. विका परत आली तेव्हा छप्पर पुरं झालं होतं. त्या दिवशी दोघींनी मला चमच्यानं तळापर्यंत खरवडलं. त्यानंतर ती गेली नाही.

सुखात माणसं बरण्यांना विसरतात. तक्रार नाही करत, असंच असतं. दुकानातून नव्या बरण्या आल्या. माझ्यात कपड्यांचे चिमटे आले, मग मुलांनी वेचलेले शिंपले. एकदा मी ओट्यावरून पडले आणि काठाचा टवका उडाला. बरीच वर्षं मी जिन्याखाली पडून होते आणि माझ्यात एका कोळ्यानं घर केलं होतं. आत्या वारली तेव्हाची भजनं मी तिथूनच ऐकली. कोमट हाताची सर कशालाच नाही, हे मला त्या अंधारात कळलं.

मग एक दिवस राखेचे हात माझ्यावरून फिरले. लेसिएलीचे. ती आता स्वतः आई आहे. तिची मुलगी राजधानीला, नुकुआलोफाच्या शाळेत शिकायला निघाली होती, बोटीनं, पहिल्यांदाच. जायच्या आधी त्या पोरीनं डबा कानाशी धरून हलवला आणि आजीला, विकाला, म्हणाली, “वाजतेय.”

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी बरणी असेल. तिला घासून, उन्हात वाळवून ठेवत जा, टवका उडाला म्हणून जिन्याखाली टाकू नका. तिच्यात मिरची घालण्याआधी डबा वाजवून बघा. आणि कधी तिचं झाकण फुगलेलं दिसलं, तर कुणाला कळू नये म्हणून ते आवळू नका. वर फडकं टाका, केसभर सैल करा, थांबा, पुन्हा केसभर. तुमच्या पोटात असं काही साठलं, तर कुणाच्या तरी मागं धावत जा आणि सांगून टाका. चार पावलं चालताना धीर झाला नाही, तर पाचव्या पावलाला होतो.

आज सकाळी बोट सुटली. लेसिएली धक्क्यावरून परत आली, मला उजेडात धरलं, माझ्या मध्यावर बोट टेकवलं आणि फळीवर ठेवलं. माझी जागा तिनं दोनदा सरळ केली.

मी सरळच होते. आणि अर्धी भरलेली.